करळ फाटा, न उतरता

सहा वाजून गेलेत, पण जानेवारीचा अंधार उरणच्या गांधी चौकातून अजून हललेला नाही. मासळी बाजाराकडून सुक्या बोंबलांचा वास येतोय, त्यात आज चेनला चोपडलेल्या तेलाचा वास मिसळलाय. दीडेकशे सायकली तरी असतील. पुढे गियरच्या, हलक्या, महागड्या. त्यांची खरी किंमत घरी सांगितलेली नसते. मध्ये शाळकरी पोरांच्या, दांड्यावरचं कंपनीचं नाव खरवडून त्यावर स्वतःचं नाव लिहिलेल्या. सगळ्यात मागे, माझ्या आसपास, माझ्यासारखेच पोट सुटलेले चारपाच जण.

पिवळा टीशर्ट घातलेला एक तरुण कट्ट्यावर चढून ओरडतोय, "दोनदोनच्या जोडीनं चालायचं. मधे फट पडू द्यायची नाही. आणि ट्रेलरच्या डाव्या बाजूला कुणीही घुसायचं नाही. केबिनमधून तिथलं काही दिसत नाही!" पोरं हसतात. मोठी माणसं हसत नाहीत. उरणच्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्याला हे वाक्य ठाऊक असतं.

घंट्या वाजतात आणि आम्ही निघतो. बाजारातली गल्ली अरुंद, त्यात भाजीचे टेम्पो उभे. एक कोळीण डोक्यावरची पाटी सावरत भिंतीला चिकटून उभी राहते. "ए, हळू! अंगावर घालताव का काय?" असं दटावते आणि दटावून झाल्यावर तिथंच थांबून शेवटची सायकल जाईपर्यंत बघत राहते. ओट्यावर दात घासत बसलेले आजोबा तोंडातला फेस न थुंकताच विचारतात, "कुणाचा वाढदिवस?" प्रश्न चुकीचा नाही. आपल्याकडे रस्त्यावर माणसं गोळा झाली, की त्यामागे कुणाचा तरी वाढदिवस किंवा कुणाची तरी उमेदवारी असते. दूधवाला मोटारसायकल बंद करून गुमान उभा आहे. रिक्षावाला मात्र हॉर्नवरचा अंगठा काढत नाही. "पेट्रोल परवडत नाय वाटतं," तो शेजारच्या रिक्षावाल्याला ऐकवतो, म्हणजे खरं तर आम्हाला. पुढच्या रांगेतून कुणीतरी उलट ऐकवतं, "तुला तरी कुठं परवडतंय?" आणि गल्ली हसते.

चारफाटा ओलांडला, की शहर संपतं आणि रस्ता एकदम रुंद होतो. बोकडविऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या धुक्यात अर्ध्याच दिसतात. पोरं हात सोडून सायकल चालवून दाखवतात, त्यांच्यावर रागावणाऱ्या बाईही मग एक हात सोडतात. अशा रुंद रस्त्यावर माणसाला मोकळं वाटायला हवं. तसं वाटत नाही, कारण ही रुंदी आपल्यासाठी नाही हे लगेच कळतं. डाव्या कडेला ओळीनं ट्रेलर उभे आहेत. काहींवर चाळीस फुटी कंटेनर, काही रिकामे, नुसता सांगाडा. त्यांच्या सावलीत स्टोव्हवर चहा उकळतोय, क्लीनर तोंड धुतोय. जी कड सायकलवाल्याच्या कामाची, तिच्यावर मुक्काम पडलेला.

नवघर फाट्यावर एक अनोळखी सायकल आमच्या शेपटाला येऊन मिळते. काळी, दांड्याची, बिनागियरची. कॅरियरच्या चिमट्यात डबा. चालवणारा पन्नाशीचा, निळा गणवेश, उजव्या पायाची पँट घोट्याशी रबरानं बांधलेली. मागच्या मडगार्डवर लालपांढऱ्या चमकत्या पट्टीचा तुकडा आहे, ट्रेलरच्या पाठीवर असते तीच पट्टी, कात्रीनं नीट कापून चिकटवलेली. चिर्ल्याकडच्या एका गोदामावर सुरक्षारक्षक आहेत. आठची ड्युटी.

"रॅली कसली?" ते विचारतात.

"सायकलची."

"ते दिसतंय," ते म्हणतात, आणि वेग आमच्याइतका कमी करून बरोबर चालू लागतात. पिवळा टीशर्टवाला मागं येतो, त्यांच्या हातात केळं देतो आणि "काका, वेलकम!" म्हणून फोटोही काढून घेतो. काका केळं डब्याशेजारी खोचतात.

करळ फाटा येतो. डोक्यावर उड्डाणपूल आणि खाली जेएनपीटी बंदराकडे वळणाऱ्या ट्रेलरची रांग. 26 मे 1989 ला हे बंदर सुरू झालं; त्याआधी इथं भातशेती होती, मिठागरं होती. आता इथं वळणाचा हक्क आधी मालाचा. एकटा सायकलस्वार इथं काय करतो ते मी रोज बसच्या खिडकीतून पाहतो. तो उतरतो, सायकल हातात धरतो, उभा राहतो, दोन ट्रेलरमधल्या फटीचा अंदाज घेतो आणि पळत सुटतो.

आज तसं होत नाही. चार स्वयंसेवक लाल झेंडे घेऊन पुढे जातात आणि ट्रेलरच्या तोंडासमोर आडवे उभे राहतात. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोत 1992 च्या सप्टेंबरमध्ये सायकलवाल्यांनी महिन्यातून एकदा, शेवटच्या शुक्रवारी, संध्याकाळच्या ऐन गर्दीत एकत्र निघायला सुरुवात केली, तेव्हा तिथंही हीच युक्ती होती: दोघाचौघांनी आडव्या रस्त्याच्या तोंडाशी उभं राहायचं आणि बाकीच्यांनी न तुटता निघून जायचं. ‘क्रिटिकल मास’ या नावानं ही प्रथा पुढे जगभरातल्या शहरांत पोचली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या मोटारवाल्यांनीही शिव्या दिल्या आणि 1997 मध्ये पोलिसांनी धरपकडही केली. सायकलवाल्यांचं म्हणणं इतकंच होतं, की आम्ही वाहतूक अडवत नाही, आम्हीच वाहतूक आहोत.

करळच्या पहिल्या ट्रेलरचा ड्रायव्हर काच खाली करतो. "इलेक्शन है क्या?"

"नहीं, सायकल रैली."

"अच्छा," तो म्हणतो, इंजिन बंद करतो आणि फोन काढून व्हिडिओ घ्यायला लागतो. त्याच्या मागच्याला काहीच दिसत नसल्यामुळे तो हॉर्नवर हॉर्न देतोय. त्याचंही खोटं नसेल. गेटवरची वेळ चुकली तर त्याचा अख्खा दिवस रांगेत जायचा. घंट्या आणि हॉर्न एकमेकांत मिसळतात आणि आमचं शेपूट फाटा ओलांडतं. मी वळून बघतो. काका सायकलवर बसलेलेच आहेत, दोन्ही पाय पायडलवर.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा," ते म्हणतात. "करळला आज उतरलो नाय."

हे ते कौतुकानं म्हणत नाहीत. हजेरी सांगावी तसं सांगतात.

फाट्यापुढे आमची शिस्त ढिली पडते. पुढचे गियरवाले जोरात निघतात, पोरं त्यांच्यामागे लागतात, आणि मधे फट पडते. फट पडल्याबरोबर त्यात एक ट्रेलर शिरतो, मग दुसरा. आता पुढं रॅली आहे आणि मागं आम्ही दोघं. म्हणजे आता आम्ही रॅली नाही. वाऱ्याचा झोत अंगावर येतो, हँडल थरथरतं. मी घाबरून डावीकडे, उभ्या ट्रेलरच्या फटीत घुसायला बघतो.

"तिकडं नको!" काका मागून ओरडतात. "कोन तरी दार उघडंल. सरळ चाला. भरलेला हाय, गुरगुरतोय. तो जाऊ द्या. रिकामा खडखडत आला, का मग उतरायचं. वळनावर त्याचा मागचा भाग झाडू मारतो."

ट्रेलर आवाजावरून ओळखायची ही विद्या कुठल्याही टीशर्टवर छापलेली नाही. रोज या रस्त्यानं सायकलवर कामाला जाणाऱ्यांनी ती ज्याची त्यानं कमावली आहे. रविवारी आमच्यासारखे हेल्मेटवाले दिसतात म्हणून लोक बघतात. सोमवारी डबेवाले, गणवेशवाले, बिगारी दिसतात, तेव्हा कुणी बघत नाही. आणि ज्यानं बघायला हवं, त्याला तर केबिनमधून दिसतच नाही.

दास्तान फाटा. उजवीकडे चिर्ल्याला उतरणाऱ्या अटल सेतूचे जोडरस्ते दिसतात. 12 जानेवारी 2024 ला त्याचं उद्घाटन झालं, 21.8 किलोमीटर, शिवडीपर्यंत. त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही आली. सेतूवर सायकलला बंदी आहे, दुचाकीला आणि रिक्षालाही. इथं काका हात वर करून वळतात. आठला दहा मिनिटं आहेत. त्यांच्यासाठी झेंडा घेऊन कुणी उभं नाही. ते उतरतात, सायकल हातात धरतात, दोन्हीकडे बघतात. एक ट्रेलर जातो, मग आणखी एक. मग ते पळतात.

जासईला रॅलीचा शेवट आहे. केळी, बिस्किटं, प्रमाणपत्रं. माईकवर एक पाहुणे सायकल चालवल्यानं गुडघे कसे चांगले राहतात ते सांगतायत. श्रोत्यांत गावातली म्हातारी माणसंही येऊन बसली आहेत. हे गाव शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांचं. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध याच पट्ट्यातले शेतकरी रस्त्यावर उतरले होते, गोळीबारात पाच जण गेले, आणि पुढं साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाला तो त्या लढ्यामुळं. त्या पाच जणांचा हुतात्मा दिन आठवड्यावर आलाय. माईकवरचे पाहुणे त्याचाही उल्लेख करतात आणि परत गुडघ्यांवर येतात.

भाषण संपल्यावर निवेदनाचा विषय निघतो. तहसीलदारांना द्यायचं आहे. पिवळ्या टीशर्टवाल्यानं मजकूर लिहूनच आणलाय: आरोग्य, पर्यावरण, प्रदूषणमुक्त उरण. एक निवृत्त शिक्षक कागद हातात घेतात, चष्मा वर सरकवून वाचतात.

"छान आहे," ते म्हणतात. "पण यात मागणी कुठं आहे?"

"सर, जनजागृती..."

"जागे आहेत सगळे. करळला रोज पहाटे डबा घेऊन उभे असतात. त्यांना काय पाहिजे ते लिही. कडेचे ट्रेलर हटवा. फाट्यावर सायकल आणि पायी माणसासाठी ओलांडायची जागा द्या. शिफ्टच्या वेळेला तिथं पोलीस उभा करा."

"एवढ्यानं ऐकतील?" मागून एक बाई विचारतात.

"नाही ऐकले, तर पुढची रॅली सोमवारी काढू. सकाळी साडेसातला, शिफ्टवाल्यांबरोबर."

लगेच दोन तट पडतात. सोमवारी आम्हाला कामं असतात, असं गियरवाले म्हणतात. परवानगी मिळणार नाही, असं एक जण म्हणतो. बंदराची वाहतूक अडली तर गुन्हे दाखल होतील, पोरांचं पुढं कसं व्हायचं, असं एका आईचं म्हणणं. तिची भीती खरी आहे. शिक्षकही ते मान्य करतात आणि म्हणतात, मग पोरं नकोत, आपण येऊ. ओट्यावर बसलेली एक म्हातारी एवढा वेळ ऐकत असते. "आमी गेलो तवा कुनाला इचारलं नव्हतं," ती म्हणते, आणि कुणीतरी घाईघाईनं माईक बंद करतं.

वाद मिटलेला नाही. तरी पिवळा टीशर्टवाला प्रमाणपत्राच्या गठ्ठ्यातला एक कोरा कागद उलटा करून सायकलच्या सीटवर ठेवतो आणि नव्यानं लिहायला घेतो. आरोग्य आता चौथ्या क्रमांकावर गेलंय. पहिल्या ओळीत फाट्याचं नाव आहे आणि पुढं वेळ: सकाळी 7 ते 8. "शिफ्ट आठचीच असते ना?" तो विचारतो. नक्की कुणालाच माहीत नाही. दोन पोरं सायकली काढतात आणि दास्तान फाट्याकडच्या गोदामांच्या गेटवर विचारून यायला निघतात.