नाताळ येतो चार रविवार आधी

दिवाळीचे डबे घासूनपुसून फळीवर पालथे पडले, आकाशकंदील माळ्यावर गेला, की पुष्कळ घरांतून ‘सुटले बाई एकदाची!’ असा सुस्कारा ऐकू येतो. आमच्या वसईकडच्या ख्रिस्ती घरांतून मात्र नेमके तेव्हाच डबे पुन्हा खाली उतरू लागतात. नाताळ पंचवीस डिसेंबरचा खरा. पण घरातल्या बाईला विचाराल, तर तो महिनाभर आधीच उंबऱ्यात येऊन उभा राहिलेला असतो.

या महिन्याची एक गंमत आहे आणि एक धोकाही आहे. गंमत अशी की, यातलं जवळजवळ प्रत्येक काम चौघांनी मिळून केलं तर त्याचा खेळच होतो. वेगळी करमणूक शोधावी लागत नाही. धोका असा की, तेच सगळं एकटीवर पडलं तर सणाच्या रात्री घर तेवढं नटलेलं असतं आणि घरची बाई मात्र कोमेजलेली!

हे मी ऐकीव सांगत नाही बरं का. आमच्या लहानपणी आई फराळाचं सारं काम एकटीच ओढायची. आम्ही मुलं तारे करण्यात नि गाण्यांच्या तालमीत दंग, वडील रंगसफेदीच्या मागे. एका वर्षी तेवीस तारखेच्या रात्री एक वाजता ती एकटीच कढईपुढे बसली होती. डोळा कधी लागला आणि हातातला झारा कधी निसटला, तिचं तिलाही कळलं नाही. उकळतं तेल मनगटापासून कोपरापर्यंत उडालं. त्या नाताळला आमच्याकडे करंज्या होत्या, केक होता, दारात तारा होता. आणि आई हात गुंडाळून आतल्या खोलीत पडून होती. मध्यरात्रीच्या मिस्सेला ती आली नाही. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी फराळाची तारीफ केली, तेव्हा वडिलांच्या घशाखाली घास उतरेना.

तेव्हापासून आमच्या घरात दोन नियम झाले. कढईपाशी कुणी एकटं बसायचं नाही, आणि गोडाची कढई बावीस तारखेनंतर चढवायची नाही. हे नियम पाळायचे तर कामं आधीपासून वाटून घ्यायला हवीत. ती कशी, तेच आज सांगायचं आहे.

चार रविवार, चार मेणबत्त्या

नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या काळाला आम्ही ‘आगमनकाळ’ म्हणतो. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येतो. हिरव्या पानांच्या कड्यात चार मेणबत्त्या लावतात: तीन जांभळ्या, एक गुलाबी. दर रविवारी एक जास्त पेटवायची. गुलाबीची पाळी तिसऱ्या रविवारी, कारण तो आनंदाचा रविवार.

घरात चार मेणबत्त्या आणि एक थाळी असली तरी हे कडं करता येतं. मेणबत्ती पेटवली की प्रार्थना होते, आणि मग आमच्याकडे त्याच टेबलापाशी आठवड्याची कामं वाटली जातात. कागदावर नाव लिहून कागद फ्रिजवर चिकटवायचा. नाव लिहिलं की ‘मला कुणी सांगितलंच नाही’ म्हणायला जागा राहत नाही! एक मात्र ध्यानात ठेवा. चौथा रविवार कधी कधी थेट २४ तारखेलाच येतो. २०२३ साली तसंच झालं होतं. त्या वर्षी चौथ्या आठवड्यावर कामं ढकललीत, तर फसलात.

पहिला आठवडा: यादी आणि मुरवण

या आठवड्यात जड कामं काढू नका. वाणसामानाची यादी करा, डबे उन्हात घाला, पडदे धुऊन टाका. मैदा, रवा, साखर एकदम आणली तरी चालते. नारळ मात्र लागतील तसे आणा.

केकसाठी बेदाणे, मनुका, खजूर, संत्र्याच्या सालीचे पाकातले तुकडे हे बारीक चिरून काचेच्या कोरड्या बरणीत रममध्ये भिजत घाला. दोनतीन दिवसांनी बरणी हलवावी. घरात दारू चालत नसेल तर संत्र्याच्या रसात भिजवा; पण ती मुरवण महिनाभर ठेवायची नाही, आंबेल. केक करायच्या आदल्या रात्री रस घालून फ्रिजमध्ये ठेवली की पुरे.

संध्याकाळी मुलांना तारा करायला बसवा. बांबूच्या कामट्या, सुतळी, पतंगाचा कागद आणि खळ एवढ्यावर उत्तम तारा होतो. बाजारात तयार तारे हवे तितके मिळतात, हे मलाही ठाऊक आहे. पण वाकड्या कोनाचा घरचा तारा दारात लागला, की येणाऱ्याजाणाऱ्याला ‘हा मी केला’ म्हणून सांगण्याचा मुलांचा आनंद विकत मिळत नाही.

दुसरा आठवडा: गोठा

येशूचा जन्म गाईगुरांच्या गोठ्यात झाला, म्हणून नाताळात घरोघरी गोठ्याचा देखावा मांडतात. इटलीतल्या ग्रेचो गावी १२२३ साली आसिसीच्या संत फ्रान्सिसांनी खरी गव्हाण, खरा बैल आणि खरं गाढव आणून असा देखावा उभा केला होता, तिथपासून ही प्रथा फोफावली. आपल्याकडे मुलं त्यात विहीर, बैलगाडी, नारळाची झाडं, कधी कधी रेल्वेचं फाटकसुद्धा घालतात. घालू द्या!

गोठ्यापुढे हिरवं शेत हवं असेल तर दहाबारा दिवस आधी पेरणी करा. गहू किंवा नाचणी रात्रभर भिजवून उथळ थाळीत मातीवर पसरायची, वर मातीचा हलका थर द्यायचा आणि रोज पाणी शिंपडायचं. नाताळपर्यंत चारपाच बोटं उंच रोपं येतात. नवरात्रात घट बसवणाऱ्या मैत्रिणींना हे वेगळं शिकवायला नकोच. रोज सकाळी उठून कोंब मोजणं हा लहान मुलांचा मोठाच उद्योग होतो. बाळ येशूची मूर्ती मात्र गव्हाणीत चोवीसच्या रात्रीच ठेवायची. तोवर ती कपाटात जपणं हे घरातल्या सर्वांत धाकट्याचं काम.

एक सूचना. गोठ्यात सुकं गवत असतं आणि त्यातच आपण दिव्यांची माळ सोडतो. जुनी माळ असेल तर वायर कुठे उघडी नाही ना, ते आधी पाहा. तापणाऱ्या जुन्या बल्बांऐवजी एलईडीची माळ घ्या, आणि झोपताना बटण बंद करा. पेटती मेणबत्ती गोठ्यात कधीच ठेवू नका.

तिसरा आठवडा: कुलकुलांची रात्र

हा खरा गमतीचा आठवडा. करंजी आमच्याकडेही असतेच. गोव्यात तिलाच नेवरी म्हणतात. गोव्याकडे फराळाच्या ताटाला कुस्वार म्हणतात आणि त्यात दोदोल, दोस, पेराद, बिबिंका असे कितीतरी प्रकार येतात. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ घालून केलेलं दोदोल तासन् तास ढवळावं लागतं. तिथे एका हाताचं काम नाहीच. थरावर थर भाजायच्या बिबिंक्याला तर २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

पण घरातल्या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवायचं असेल, तर कुलकुलांसारखा पदार्थ नाही. प्रमाण असं:

अर्धा किलो मैदा, पाव वाटी बारीक रवा, एक वाटी पिठीसाखर, चिमूटभर मीठ, चार मोठे चमचे गरम तुपाचं मोहन, एक अंडं आणि लागेल तसं नारळाचं दूध. अंडं नको असेल तर दूध थोडं जास्त घाला. पीठ पुरीच्या पिठापेक्षा किंचित सैल मळून ओल्या फडक्याखाली तासभर ठेवा. बोराएवढी गोळी घेऊन काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि तशीच गुंडाळून शिंपल्यासारखा आकार द्यायचा. कडा नीट चिकटली पाहिजे, नाहीतर तेलात उलगडते. मध्यम आचेवर बदामी रंगावर तळा. पिठात साखर असल्यामुळे मोठ्या आचेवर वरून काळी आणि आतून कच्ची राहतात. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा.

अर्ध्या किलोची शेकड्यांनी कुलकुलं होतात. म्हणूनच ती एकटीने करायची नसतात! एकाने गोळ्या कराव्या, चौघांनी वळाव्या, एकाने तळावं आणि तळणाऱ्याच्या शेजारी एकाने झारा-चाळणी सांभाळावी. टीव्ही चालू असला तरी हरकत नाही. हातांना पीठ लागलं की मोबाइल आपोआप बाजूला राहतो. कुणाची कुलकुलं वाकडी, कुणाची लठ्ठ, यावरून जी हसाहशी होते, ती कुठल्या कार्यक्रमात मिळणार? घरच्या पुरुषांनाही बसवा. माझ्या वडिलांनी पन्नाशीत काटा हातात घेतला, आणि पुढे त्यांच्याइतकी एकसारखी कुलकुलं आमच्यात कुणालाच जमली नाहीत.

आणि हो, प्रमाण वहीत लिहून ठेवा. आईचा हात भाजला तेव्हा उरलेलं पीठ कुणी पुरं करावं, हेही आम्हांला ठाऊक नव्हतं. सगळं माप तिच्या मुठीत!

तरीही कुणाला भाजलंच, तर हात लगेच नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बांगड्या-अंगठ्या काढा. टूथपेस्ट, तूप, हळद यांतलं काहीही लावू नका. फोड मोठा असेल तर डॉक्टरांकडेच जा.

चौथा आठवडा: गाणी आणि पाहुणे

आता दारोदार नाताळगीतं गाणाऱ्या पोरांच्या टोळ्या येऊ लागतात. गिटार, ढोलकी, एखादा पोट बांधलेला सांताक्लॉज! त्यांच्यासाठी चहाचं आधण आणि वाटीभर कुलकुलं हाताशी ठेवा. ‘सायलेंट नाइट’ हे आज जगभर पोचलेलं गाणं १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी पहिल्यांदा गायलं गेलं, तेही गिटारीवर. आपल्या मराठीतही रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) शेकडो ख्रिस्ती भक्तिगीतं लिहून ठेवली आहेत. घरातल्या आजीला एखादं पाठ असेलच. टोळी आली की तिलाच सुरुवात करायला सांगा.

रात्री जेवणानंतर हाउजी मांडा. एक ते नव्वद आकड्यांच्या चिठ्ठ्या, तीन ओळींत पंधरा आकड्यांचं हाती लिहिलेलं तिकीट आणि खुणेला चिंचोके, बस्स! बक्षीस म्हणून मूठभर शेंगदाणे ठेवलेत तरी आरडाओरडा तेवढाच होतो.

बावीसला गोडाची कढई उतरवा. तेवीसला कपड्यांच्या इस्त्र्या आणि मिस्सेच्या वेळेची चौकशी. आता पुष्कळ ठिकाणी मिस्सा मध्यरात्रीच्या आधीच असते. चोवीसच्या दुपारी दार लोटून तासभर आडव्या व्हा. या तासाचंही नाव फ्रिजवरच्या कागदावर लिहा, म्हणजे कुणी उठवणार नाही.

पंचवीसला ताटं शेजारीपाजारी जातात. अंडं घातलेलं आणि न घातलेलं वेगळं ठेवा, सांगून द्या. ज्या घरी यंदा दुःख झालं असेल, त्यांच्याकडचं ताट सर्वांत आधी काढा. तिथे कढई चढलेली नसते. आणि ज्या मैत्रिणींकडे असं ताट येईल, त्यांनी आपल्या रीतीप्रमाणे ते रिकामं परत पाठवू नये; चिमूटभर साखर घातलीत तरी गोडवा तोच.

आई पुढे पुष्कळ वर्षं मिस्सेला आमच्या शेजारी बसली. हातावरचा डाग गेला नाही, पण डोळे उघडे असायचे आणि ती गात असायची. यंदा तुमच्या कढईपाशी दुसरं कोण बसणार, हे आजच ठरवा. तुम्हां सर्वांना नाताळच्या मनःपूर्वक शुभेच्छा!