‘यमुनापर्यटना’तील श्रद्धांतर

आमच्या पिरनवाडीपासून बेळगाव शहर अवघ्या काही मैलांवर आहे. त्याच शहरात १८३१ साली बाबा पदमनजी जन्मले. तरीही त्यांचे ‘यमुनापर्यटन’ वाचलेला धर्मगुरू वा कॅटेकिस्ट आम्हांस क्वचितच भेटतो. १८५७ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मराठीतील पहिली कादंबरी म्हणून सामान्यतः गणले जाते. हिंदू विधवांची दुःस्थिती दाखविणे हा तिचा प्रकट हेतू होय. आम्हांस मात्र येथे निराळ्या गोष्टीचा विचार कर्तव्य आहे.

जुनी श्रद्धा कशी ढळते, हे या कादंबरीत शोधू गेल्यास सापडत नाही. यमुना व तिचा पती विनायक यांचे मन कथारंभीच ख्रिस्ताकडे वळलेले आहे. केवळ ते उघड झालेले नाही. मूळ पडझड पाहावयाची तर १८८८ सालचे ‘अरुणोदय’ हे पदमनजींचे आत्मचरित्र उघडावे लागते. देवपूजेत रमणारा मुलगा, मिशनच्या शाळेतील शिक्षण, पुढे मुंबईत जातिभेद न मानणाऱ्या परमहंस सभेशी आलेला संबंध, अशा पायऱ्यांनी ती निष्ठा सुटत गेली. परंतु जुनी सुटली त्याच दिवशी नवी लाभली, असे घडले नाही. बाप्तिस्मा झाला तो १८५४ साली, बेळगावातच. मधल्या काळात मूर्तीवर विश्वास नाही आणि ख्रिस्ताची जाहीर कबुलीही नाही, अशी त्यांची अवस्था होती. एखाद्याने देवळात जाणे सोडले की आपण त्यास अर्धा ख्रिस्ती समजू लागतो. ही आपली चूक होय. नकार म्हणजे विश्वास नव्हे.

विनायक अपघातात सापडतो व मृत्यूपूर्वी बाप्तिस्मा घेतो. हा प्रसंग आम्हांस काहीसा सोयीस्कर वाटतो, आणि शेवटी यमुनेचा पुनर्विवाह तर अधिकच. पण या दोहोंमध्ये खरा पेच आहे. विधवा झालेल्या यमुनेवर केशवपनाचे संकट येते आणि झाकलेला विश्वास तिला झाकून ठेवता येत नाही. मग तिचा बाप्तिस्मा ही कबुली की सुटका? टीकाकार सुटका म्हणतील. आमच्या मते ती दोन्ही आहे, आणि त्यात कमीपणा नाही; ज्या विश्वासाने संकटात काहीच केले नसते, त्याची कबुली तरी कशाची?

संकटातून बाप्तिस्मा मागावयास आलेल्या माणसास ‘हेतू शुद्ध नाही’ म्हणून परत पाठविण्यापूर्वी यमुनेचे हे प्रकरण व ‘अरुणोदया’तील मधली वर्षे एकत्र वाचावीत. दीक्षार्थींच्या वर्गातही ती वाचून दाखविता येतील.