आधी शब्द, मग काम

रात्री बाराची पुण्याची एसटी. पिशवीत प्रमाणपत्रांची फाईल, अम्मीने बांधून दिलेल्या पोळ्या, चार खजूर. बीडच्या मोमीनपुऱ्यातला डिप्लोमा झालेला एक तरुण ऐन रमजानमध्ये दोन मुलाखतींना निघाला होता. सहेरी अहिल्यानगरच्या स्थानकावर झाली. बीडच्या मुलांना असा प्रवास नवा नाही. नोकरीची मुलाखत म्हटली की चाकण, रांजणगाव, नाहीतर वाळूज.

पहिल्या ठिकाणी पगार चांगला होता. चहा आला. ‘रोजा आहे’ म्हणताच साहेब हसले, ‘मग काम कसं होणार?’ उत्तर ऐकायला कुणी थांबले नाही. बाहेर पाणी सांडले म्हणून एका शिपायाला सगळ्यांदेखत झापले जात होते.

दुसरीकडे पगार अडीच हजारांनी कमी. पण सुपरवायझरने काम कुठे करायचे ती जागा दाखवली. इफ्तारचे विचारायला तरुण कचरत होता. गळ्यात तुळशीची माळ असलेला एक जुना कामगार आपणहून म्हणाला, ‘जेवणाची सुट्टी महिनाभर मागेपुढे करतो आपण. तेवढा वेळ मशीन मी बघतो.’

सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी कंपन्यांना पाठवून पाहिले होते. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुस्लिम आणि दलित नावांना बोलावणे येण्याची शक्यता कमी आढळली. त्यामुळे बोलावणे आले हेच पुष्कळ वाटते. समोरच्याला पारखायचे धाडस होणार कुठून?

पवित्र कुरआनच्या सूरह कससमध्ये हजरत मूसा (अ.) यांना मदयनमध्ये काम मिळाल्याचा प्रसंग आहे. माणूस परका, बेघर. बळ आणि विश्वासूपणा पाहून त्याला कामावर घेण्याचे सुचवले जाते. पण बोलणी एकतर्फी नाहीत. मुदत आठ वर्षांची ठरते, दहा पूर्ण केली तर ती मूसांची मर्जी. आणि तुम्हाला त्रासात घालणार नाही, असा शब्द कामावर ठेवणारा स्वतःहून देतो. गरजू माणसाला दिलेला हा शब्द आहे, हे विशेष.

चार दिवसांनी दोन्हीकडून होकार आला. अडीच हजार म्हणजे घरातला किराणा, बहिणीची फी. इफ्तारनंतर दस्तरखानावरच त्याने सगळे सांगितले. शिलाईकाम करणाऱ्या अब्बांनी पगाराचे काही विचारले नाही.

‘त्या शिपायाचं पुढं काय झालं?’

त्याला ते माहीत नव्हते. सकाळी त्याने दुसऱ्या कंपनीला फोन केला.