मोरपंखी आणि प्राध्यापक फ्रांक

पावसाळा सरला की बागप्रेमी वाचकांचा एक प्रश्न हमखास येतो: ‘आमची मोरपंखी आतून तपकिरी पडतेय. नर्सरीवाले मायकोरायझाची पावडर घालायला सांगतात. घालू का?’ शाळेत ‘विद्या’ म्हणून जिचं पान आपण वहीत जपलं ती हीच मोरपंखी. तिची काळजी वाटणारच.

आधी फांद्या हातानं बाजूला करून आत बघा. खोडालगतची, सावलीत गेलेली जुनी पानं वाळली आहेत आणि शेंडे हिरवेगार आहेत? मग झाड ठणठणीत आहे. सूचिपर्णी झाडांचीही पानगळ होते, फक्त ती आतल्या आत होते. बाहेरची पालवीच धुरकट, निस्तेज दिसत असेल तर फांदीखाली पांढरा कागद धरा आणि फांदीला दोनचार टिचक्या मारा. कागदावर पडलेले बारीक ठिपके चालू लागले, तर तो लाल कोळी. कोरड्या उन्हाळ्यात तो फार माजतो. पाण्याचा जोरदार फवारा आठवडाभर रोज मारला तर बराचसा आटोक्यात येतो.

कात्री मात्र जपून चालवा. जास्वंद खोडापर्यंत छाटली तरी सालीखालचे सुप्त डोळे जागे होतात आणि महिन्याभरात धुमारे फुटतात. मोरपंखीच्या उघड्या, जुन्या लाकडात असे डोळे जवळजवळ नसतातच. हिरवा भाग ओलांडून कापलं की तिथे कायमचं भगदाड पडतं.

आता पावडरीबद्दल. त्यासाठी आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाला भेटायलाच हवं. त्याचं नाव पाठ्यपुस्तकात असायला हवं होतं असं मला फार वाटतं. प्रशियाच्या सरकारला ट्रफल ही महागडी भूछत्रं आपल्याकडे पिकवायची होती आणि ते काम फ्रांककडे आलं. ट्रफल काही पिकले नाहीत. पण झाडांची मुळं सूक्ष्मदर्शकाखाली बघताना त्याला दिसलं, की कोवळ्या मुळांच्या टोकांवर बुरशीचं अखंड आवरण आहे आणि तरीही झाड निरोगी आहे! बुरशी म्हणजे रोग, असं मानणाऱ्या काळात १८८५ साली त्यानं ठामपणे लिहिलं, की ही बुरशी झाडाला पोसते. मायकोरायझा हे नाव त्याचंच.

व्यवहार आपल्याकडच्या अर्धेलीच्या शेतीसारखा आहे. झाड पानांत साखर बनवतं आणि तिचा वाटा खाली पाठवतं. बुरशी आपले तंतू मुळांना शिरता येणार नाही अशा फटींत पसरते आणि फॉस्फरस, पाणी घेऊन येते. कोणीच कोणावर उपकार करत नाही. आणि मालकाला भरपूर फॉस्फेटचं खत आयतं मिळालं, तर तो वाटेकऱ्याला देणं कमी करतो.

तेव्हाच्या बड्या मंडळींनी फ्रांकला धुडकावलं. त्यानं पाइनची रोपं निर्जंतुक मातीत आणि साध्या मातीत वाढवून दाखवली. साध्या मातीतली जोमदार निघाली. तरी शंका संपली नाही. तो १९०० साली वारला, आणि स्वीडनच्या एलियास मेलिननं काटेकोर प्रयोगांनी त्याला खरं ठरवलं ते १९२०च्या दशकात. सहजीवनाची कल्पनाही फ्रांकनं १८७७ मध्ये दगडफुलांच्या संदर्भात मांडली होती. श्रेय गेलं त्याच्यानंतर बोलणाऱ्या अंतोन द बारी या वनस्पतिशास्त्रज्ञाला. फ्रांकचं म्हणणं पुढे प्रत्यक्ष लागवडीतही पटलं. प्वेर्तो रिको बेटावर पाइनची लागवड वर्षानुवर्षं फसत होती. १९५५ साली अमेरिकेतल्या पाइनखालची माती बुरशीसकट आणून घातली आणि रोपं तरारली. फ्रांक हे बघायला हवा होता.

हीच गोष्ट सांगून आज पाकिटं खपवली जातात, आणि इथे माझा आक्षेप आहे. पाइनच्या मुळांवर बाहेरून आवरण घालणारी बुरशी वेगळी. मोरपंखीची बुरशी पेशींच्या आत शिरणारी, आणि ती यजमानाच्या बाबतीत फारशी चोखंदळ नाही. तुमच्या जास्वंदीच्या, मोगऱ्याच्या मुळांत ती बहुधा आहेच. निव्वळ कोकोपीटमध्ये वाढणाऱ्या रोपाला पावडरीचा उपयोग होऊ शकतो. बागेच्या जिवंत मातीत मात्र, दुकानाच्या दारात उन्हात तापलेलं पाकीट कशाला?

मोरपंखी खरी मरते ती तुंबलेल्या पाण्यानं. काळ्या मातीत पावसाचं पाणी साचतं, मुळांना हवा मिळत नाही, आणि मुळं कुजवणाऱ्या फायटोफ्थोरा या रोगजंतूचे बीजाणू त्या पाण्यात चक्क पोहत मुळांपर्यंत येतात. कुजायला लागलेल्या मुळांना कुठलीच पावडर वाचवत नाही. म्हणून लावतानाच रोप उंचवट्यावर लावा. खोड आणि मुळं जिथे जुळतात तो भाग मातीनं झाकला गेला असेल तर आजच मोकळा करा. बुंध्याशी डीएपीसारखं फॉस्फेटचं खत ओतू नका. गळलेली पानं आळ्यात राहू द्या, फक्त खोडापासून वीतभर लांब, आणि पुढचं पाणी दोन बोटं खोलवर माती कोरडी लागल्यावरच द्या.