वाळूचं घड्याळ आणि लाल मणी

गडचिरोलीतल्या जंगलाकाठच्या गावात तान्हं मूल धापा टाकतंय. साधा खोकला, की न्यूमोनिया? मिनिटाला श्वास किती, त्यावरून ते कळतं : दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा अधिक, त्याहून मोठ्या, वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा अधिक असतील, तर धोका. पण मोजणार गावची दाई, आणि अनेक दायांची मोजणी बाराशी थांबायची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं दायांसाठी साधन घडवलं : मण्यांच्या दोन ओळी आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया.

माहिती प्रणालीचं विश्लेषण आणि रचना म्हणजे काय, ते या मण्यांत दिसतं.

गैरसमज : माहिती प्रणाली म्हणजे संगणक.
वस्तुस्थिती : माहिती टिपणं, तिचा अर्थ लावणं आणि ती वेळेत निर्णय घेणाऱ्याच्या हाती देणं, ही साखळी म्हणजे प्रणाली. इथे श्वास ही माहिती, मणी ही आकडेमोड, लाल मणी हे उत्तर आणि औषध ही कृती. संगणक या साखळीत असू शकतो. पण त्याच्यावाचूनही ती पुरी होते.

गैरसमज : वापरणारी माणसं अडाणी, म्हणून प्रणाली फसते.
वस्तुस्थिती : माणसाला न पेलणारी प्रणाली असेल, तर विश्लेषण कच्चं राहिलेलं असतं. दाईला पन्नासपर्यंत मोजता येत नाही, एवढ्यावर न थांबता तिला दहापर्यंत नीट येतं हे हेरलं गेलं. रचना त्या दहावर उभी राहिली.

गैरसमज : जितके रकाने जास्त, तितकी प्रणाली चांगली.
वस्तुस्थिती : आधी निर्णय ठरवायचा, मग त्याला लागेल तेवढंच विचारायचं. इथे प्रश्न एकच : हा न्यूमोनिया आहे का? त्यासाठी वय हवं, पण त्याचा वेगळा रकाना नाही. लहान बाळासाठी मण्यांची एक ओळ, मोठ्यासाठी दुसरी. ज्या रकान्यानं कुठलाच निर्णय बदलत नाही, तो लोक अंदाजानं भरतात, आणि मग खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

गैरसमज : नोंद नाही, म्हणजे घडलंच नाही.
वस्तुस्थिती : घरी जन्मून, नाव ठेवण्याआधीच गेलेलं मूल नोंदवहीतून सहज निसटतं. म्हणून ‘सर्च’च्या पद्धतीत गावचा कार्यकर्ता जन्म-मृत्यू टिपायचा आणि दर सहा महिन्यांनी घरोघरच्या पाहणीत सुटलेल्या नोंदी शोधल्या जायच्या. पुढे आरोग्यदूत बायकांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. हे काम झालेल्या ३९ गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत तो ५९.६ होता. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे मांडता आलं, ते या पडताळणीच्या बळावर.

चंद्रपूर-गडचिरोलीसाठी आज आरोग्याचं अ‍ॅप बनवणाऱ्यानं त्याचे स्क्रीन आखण्याआधी एक पूर्ण दिवस ‘आशा’ आरोग्य स्वयंसेविकांबरोबर गावात फिरावं. त्यांना काय येतं, हे पाहूनच पहिला रकाना आखावा.