मिरर रेडमधल्या डिस्क बदलून जागा कशी वाढवायची? दुकान बंद न ठेवता!



दुकान टाकताना आपण बोर्ड, काउंटर, फर्निचर सगळ्याचा विचार करतो. डेटाचा विचार मात्र डिस्क बसल्यावरच सुरू होतो. रिद्धपूरच्या माझ्या दुकानात लग्नाचे फोटो, व्हिडिओ आणि हिशोब एका लिनक्स कॉम्प्युटरवर असतात. त्यात १ टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये, म्हणजे रेड-वनमध्ये होत्या. एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवर. दोन डिस्कचे पैसे, एका डिस्कची जागा. पण एक गेली तरी काम थांबत नाही.

आपल्या गावाला हे वेगळं सांगायची गरज नाही. म्हाइंभटांनी लीळाचरित्र इथंच सिद्ध केलं. मूळ प्रत धाडीच्या काळात गेली आणि शिष्यांच्या पाठांतरातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, असं परंपरा सांगते. एकच प्रत म्हणजे धोकाच.

मागच्या सीझनला जागा संपली, म्हणून ४ टीबीच्या दोन डिस्क टाकल्या. कमांड व्हिडिओत स्क्रीनवर आहेत. इथं क्रम आणि कारण समजून घ्या.

१. आधी बॅकअप. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे! चुकून फोल्डर डिलीट केलं तर ते दोन्हीकडून जातं. वेगळ्या एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी घ्या आणि दोन-चार फाइल उघडून पाहा.

२. दोन्ही डिस्कची तब्येत तपासा. एक काढली की सगळा भार दुसरीवर येतो. जी राहणार तीच आजारी असेल तर काम तिथंच फसतं.

३. सिरीयल नंबर लिहून घ्या. लिनक्स डिस्कला जे नाव देतं ते रीस्टार्टनंतर बदलू शकतं. माझी चूक इथंच झाली होती. एकदा खराब डिस्क काढायची होती, मी नावावर भरोसा ठेवून चांगली उपसली. मशीन सुरू केलं तर अल्बमचं फोल्डरच दिसेना. दोन घरच्या लग्नाचे फोटो फक्त तिथंच होते. डिस्क परत लावली, फोटो आले. पण ती रात्र विसरलो नाही. आता लेबलवरचा नंबर जुळल्याशिवाय स्क्रूला हात लावत नाही.

४. एकच डिस्क बदला. एमडीएडीएमला ती आधी 'फेल' आणि मग 'रिमूव्ह' करायला सांगा. मशीन बंद करून नवी बसवा, पार्टिशन करा, ॲरेमध्ये जोडा. जास्तीचा पोर्ट मोकळा असेल तर नवी आधी जोडून 'रिप्लेस' करा. मग कॉपी होत असतानाही मिरर तुटत नाही.

५. थांबा. डिस्क अर्धी रिकामी असली तरी कॉपी पूर्ण १ टीबीची होते. सेकंदाला १०० एमबी धरले तर पावणेतीन तास. यूपीएस हवाच, आपल्याकडची लाइट तुम्हाला माहीतच आहे. कॉपी शंभर टक्के झाल्यावरच दुसरी डिस्क याच पद्धतीनं बदला.

६. आता जागा वाढवा. इथं बरेच जण घाबरतात: "४ टीबी टाकले, दिसतात १ टीबीच!" बरोबर आहे. ॲरेला नवी जागा आपोआप कळत नाही. आधी ॲरे 'ग्रो' करून साइज 'मॅक्स' करा. एलव्हीएम असेल तर त्याचे थर वाढवा. शेवटी फाइल सिस्टम वाढवा. हाच क्रम, आतून बाहेर. ईएक्सटी-४ आणि एक्सएफएस दोन्ही चालू स्थितीत वाढतात. पण एक्सएफएस नंतर लहान करता येत नाही.

७. लिनक्स याच डिस्कवर असेल तर बूटलोडर दोन्ही नव्या डिस्कवर टाका. नाहीतर उद्या एक गेली की डेटा असूनही मशीन सुरू होणार नाही.

जुन्या डिस्क लगेच विकू नका. महिनाभर कपाटात ठेवा, नंतर पुसूनच द्या. त्यात गिऱ्हाइकाच्या घरचे फोटो आहेत. त्यांनी ते भरोशानं आपल्याकडे दिलेत, आणि छोट्या दुकानाचं खरं भांडवल तेच असतं.

काही अडलं तर व्हिडिओखाली विचारा. भेटू पुढच्या व्हिडिओत!