माशिकोची गुरुपरंपरा

■ शोजी हामादा (१८९४–१९७८) : जपानी कुंभार. तोक्योच्या तंत्रशाळेत मृत्तिकाशिल्पाचं शिक्षण. पुढे क्योतोच्या मृत्तिकाशिल्प चाचणी संस्थेत कुंभार कांजिरो कावाई यांच्यासह झिलईचे असंख्य प्रयोग.

■ १९२० : ब्रिटिश कुंभार बर्नार्ड लीच यांच्याबरोबर इंग्लंडला. सेंट आइव्हज इथे दोघांनी जपानी धर्तीची चढती भट्टी उभारली.

■ माशिको : मायदेशी परतल्यावर याच गावी वास्तव्य. माती तिथलीच, भांड्यांवर स्वतःची सही नाही.

■ १९५५ : सरकारकडून ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान.

■ तात्सुझो शिमाओका (१९१९–२००७) : हामादांचे शिष्य. वडील रेशमी दोऱ्या विणत. त्या दोऱ्यांवरूनच सुचून ओल्या मातीवर दोरी फिरवून उमटलेल्या ठशांत पांढरी माती भरण्याची शैली शिमाओकांनी घडवली. १९९६मध्ये त्यांनाही तोच सन्मान. शिष्यानं स्वतःची वाट शोधली, हेच गुरूचं खरं यश!